नॉर्दर्न लाइट्स आणि कुलाब्याची सुई

माहीमला लेडी जमशेदजी रोडवर केसरी टूर्सचं कार्यालय आहे. 1984 साली केसरीभाऊ पाटलांनी ही कंपनी सुरू केली, तेव्हा मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाची मोठी सहल म्हणजे बहुधा काश्मीर, राजस्थान किंवा म्हैसूर-उटी. पुढे सिंगापूर-थायलंड आलं, युरोप आला, आणि अलीकडे मराठी सहल कंपन्यांच्या जाहिरातींत आकाशभर पसरलेला हिरवा पडदा दिसू लागला. नॉर्वेतलं ट्रोम्सो, फिनलंडमधलं रोव्हानिएमी, आइसलंड ही नावं आता माहीम-दादरच्या गप्पांत सहज येतात. कुणी निवृत्तीनंतर जातं, कुणी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, कुणाचा मुलगा स्वीडनमध्ये नोकरीला असतो म्हणून. आणि पैसे भरण्याआधी जो तो एकच प्रश्न विचारतो, "नक्की दिसतील ना?"

या प्रश्नाला प्रामाणिकपणे "हो" म्हणता येत नाही. वाघ दिसेल की नाही हे ताडोबातला वाटाड्या जंगल वाचून थोडंफार सांगू शकतो. इथे वाचायचं आहे ते 15 कोटी किलोमीटरवरच्या सूर्याचं वागणं आणि पृथ्वीच्या पोटातून उगम पावलेलं चुंबकत्व. थंडी, बर्फ, उत्तर ध्रुवाची जवळीक हे सगळं दुय्यम. नॉर्दर्न लाइट्स, म्हणजेच अरोरा, ही मुळात चुंबकीय घटना आहे, आणि हे एकदा नीट कळलं की कुठे जावं, कधी जावं, किती रात्री थांबावं याची उत्तरं आपोआप मिळत जातात.

ते समजून घ्यायला मुंबईबाहेर जायचीही गरज नाही, असं मी मनापासून म्हणतो. पृथ्वीचं चुंबकत्व मोजण्याचं काम कुलाब्याला 1841 मध्ये सुरू झालं. इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या चुंबकीय वादळाची सर्वांत मोलाची नोंद कुलाब्याच्या वहीत आहे. आणि हा प्रकाश खुद्द मुंबईच्या आकाशात दिसल्याची बातमीसुद्धा छापून आलेली आहे.

आधी प्रकाशाचं बघू.

सूर्यापासून विद्युतभारित कणांचा प्रवाह सतत बाहेर वाहत असतो. हा सौरवारा साधारणपणे सेकंदाला 400 किलोमीटर वेगाने पृथ्वीपाशी पोहोचतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला अडवतं. या झटापटीत क्षेत्राची सूर्याकडची बाजू दबते आणि रात्रीकडची बाजू लांब शेपटासारखी ताणली जाते, इतकी की ती चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे जाते. हे कण सूर्याकडून येऊन थेट ध्रुवांवर ओतले जातात असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. सौरवाऱ्याबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही वाहत येतं. त्याची दिशा उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचं कवच बऱ्यापैकी मिटलेलं राहतं. दिशा दक्षिणेकडे वळली की दोन्हींच्या क्षेत्ररेषा एकमेकींत गुंततात आणि ऊर्जा आत शिरून त्या शेपटात साठू लागते. ताण फार झाला की शेपटातल्या रेषा तुटून नव्याने जुळतात, आणि इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूने, चुंबकीय रेषांवरून खाली फेकले जातात.

वातावरणात शिरताना ते ऑक्सिजन आणि नायट्रोजनवर आदळतात, आणि हे अणु-रेणू घेतलेली ऊर्जा प्रकाश म्हणून परत देतात. 100 ते 150 किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचा हिरवा रंग येतो, तोच जाहिरातींतला. 200 किलोमीटरच्या वर त्याच ऑक्सिजनचा लाल रंग. हा फरक मला नेहमी मोहवतो. हिरवा प्रकाश द्यायला ऑक्सिजनच्या अणूला पाऊण सेकंद पुरतो, लाल प्रकाशासाठी मात्र त्याला जवळजवळ दोन मिनिटं निवांत राहावं लागतं. खालच्या दाट हवेत एवढा निवांतपणा कुठला? तेवढ्यात दुसरा अणू येऊन धडकतो आणि ऊर्जा काढून घेतो. म्हणून लाल रंग फक्त अतिविरळ, अतिउंच हवेतच दिसतो. वादळ जोरात असेल तर पडद्याच्या खालच्या कडेला नायट्रोजनची गुलाबी-जांभळी किनार येते.

लाल रंग उंचावर असतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. मुंबईच्या बातमीचा उलगडा तिच्याशिवाय होत नाही.

हे सगळं घडत असताना आकाशात आणखी एक गोष्ट होते, आणि ती डोळ्यांना मुळीच दिसत नाही. विषुववृत्ताच्या वर, काही दशसहस्र किलोमीटर अंतरावर, भारित कणांचा एक प्रचंड प्रवाह पृथ्वीभोवती फिरू लागतो. या वलयप्रवाहाचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राविरुद्ध असतं, त्यामुळे जमिनीवर क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक कमी होतो. हेच चुंबकीय वादळ. ही घट स्वच्छ मोजायची तर ध्रुवाजवळ जाऊन उपयोग नाही, तिथे अरोराच्याच विद्युतप्रवाहांचा गोंगाट असतो. चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नाही पण अगदी त्याच्यावरही नाही, अशी जागा हवी. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. मुंबईची जागा या कामासाठी फार चांगली आहे.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये बांधली ती मुख्यतः जहाजांना वेळ आणि खगोलीय माहिती मिळावी म्हणून. चुंबकीय मोजणी 1841 मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली सुरू झाली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ या वेधशाळेचं काम पाहिलं. आणि ऑर्लेबार यांच्या हाताखाली पन्नास रुपये पगारावर एक मराठी मुलगा साहाय्यक म्हणून लागला, अलिबागजवळच्या नागावात जन्मलेला केरो लक्ष्मण छत्रे. तेव्हा त्याने विशीही गाठलेली नव्हती. हेच पुढे पुण्याचे केरूनाना छत्रे, 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिणारे आणि लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू. सूर्यावरचे डाग आणि पृथ्वीवरचं हवामान यांचा काही संबंध असावा का, या प्रश्नाचा त्यांनी पुढे पाठपुरावा केला. कुलाब्याच्या तरुणपणीच्या कामाचा त्यात वाटा असणार असं मला वाटतं. दोऱ्याला टांगलेला चुंबक, त्याच्या हालचाली दुर्बिणीतून पट्टीवर वाचायच्या आणि ठरल्या वेळी वहीत आकडा लिहायचा, दिवसा आणि रात्रीही. काम कंटाळवाणं, पण चुकवून चालणारं नाही. आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासात या वह्या लिहिणाऱ्यांना अजून पुरेसा मान मिळालेला नाही.

1 सप्टेंबर 1859 रोजी सकाळी 11 वाजून 18 मिनिटांनी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याच्या प्रतिमेवरून डागांचं चित्र काढत होते. डागांच्या एका गटावर अचानक दोन पांढरेशुभ्र ठिपके लकाकले आणि पाचेक मिनिटांत विरले. सूर्यावरचा स्फोट माणसाने पाहिल्याची ही पहिली नोंद. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळलं. अमेरिकेत तेव्हा रात्र होती. क्युबा आणि हवाईसारख्या उष्ण प्रदेशातल्या लोकांनीही लालभडक आकाश पाहिलं. तारायंत्रांच्या तारांमध्ये इतका प्रवाह निर्माण झाला की बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवून नुसत्या त्या आकाशातल्या विजेवर एकमेकांना संदेश पाठवले.

मुंबईत तेव्हा 2 सप्टेंबरची सकाळ होती. सूर्य वर आलेला, त्यामुळे आकाशात काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण कुलाब्याची सुई वेडीवाकडी सरकू लागली. एरवी तासाला एकदा घ्यायचं वाचन माणसांनी दर 15 मिनिटांनी, मग दर 5 मिनिटांनी घ्यायला सुरुवात केली. अकराच्या सुमारास क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी खाली गेला, म्हणजे त्याच्या एकूण मूल्याच्या साधारण 4 टक्के. हा आकडा केवढा? मार्च 1989 च्या ज्या वादळाने कॅनडातल्या क्विबेक प्रांतात 60 लाख लोकांची वीज नऊ तास घालवली, त्यात याच घटीचा जगभराच्या सरासरीचा निर्देशांक उणे 589 नॅनोटेस्ला होता.

1859 मध्ये जगातल्या अनेक वेधशाळांची उपकरणं मापनाच्या मर्यादेबाहेर गेली आणि त्यांच्या नोंदी ऐन वेळी तुटल्या. कुलाब्याची नोंद टिकली. ती दीडशे वर्षं जवळजवळ दुर्लक्षित राहिली. 2003 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लाखिना आणि एस. ॲलेक्स यांनी अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह या नोंदीवर शोधनिबंध लिहिला, आणि जगभरात त्या वादळाचा विचार पुन्हा नव्याने सुरू झाला. कुलाब्याची ती घट सगळी वलयप्रवाहाचीच होती की अरोराचे प्रवाहही त्या दिवशी इतके दक्षिणेला सरकले होते, यावर शास्त्रज्ञांची मतं अजून वेगवेगळी आहेत. पण वाद घालायला आधार मुंबईच्या आकड्यांचाच आहे.

आता 1872. रविवार, 4 फेब्रुवारीची संध्याकाळ. 'टाइम्स ऑफ इंडिया'ने मंगळवारच्या अंकात बातमी दिली की सूर्यास्तानंतर मुंबईत अरोरा अंधुकसा दिसू लागला, तो रंग बदलत राहिला, पहाटे तीनच्या सुमारास गडद जांभळा होऊन सर्वांत तेजस्वी झाला आणि सोमवारी सूर्योदयापर्यंत दिसत होता. मुंबई-एडन समुद्री तार तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. तिच्यावर आणि सरकारी तारांवरही त्या रात्री परिणाम झाला. हाच अरोरा सुदानमधल्या खार्टूममध्ये आणि चीनमधल्या शांघायमध्ये पाहिला गेला. कुलाब्याला त्या वेळी चार्ल्स चेंबर्स प्रमुख होते आणि चुंबकाच्या नोंदी चालूच होत्या. त्यांचा आधार घेऊन अलीकडे शास्त्रज्ञांनी या वादळाचा निर्देशांक उणे 834 नॅनोटेस्लाच्या आसपास काढला आहे. म्हणजे 1989 च्या वादळाहून बरंच मोठं.

मुंबईतून अरोरा कसा दिसेल? इथे तो लाल रंग कामाला येतो. 400 किलोमीटर उंचीवरचा प्रकाश पृथ्वीची गोलाई लक्षात घेता सुमारे 2,200 किलोमीटर दुरून क्षितिजावर दिसू शकतो. अक्षांशात मोजलं तर 20 अंश. मुंबई 19 अंशांवर. म्हणजे ताजिकिस्तानच्या डोक्यावर उंच लाल प्रकाश पेटला असेल, तर तो मुंबईतून उत्तरेच्या क्षितिजाला टेकलेला दिसेल, आणि त्याहून दक्षिणेला सरकला असेल तर आणखी वर. लालात नायट्रोजनचा निळा मिसळला की जांभळा होतो, तेव्हा बातमीतला रंगही पटण्यासारखा आहे. फेब्रुवारीचं निरभ्र आकाश, विजेचे दिवे अजून शहरात यायचे होते आणि गॅसचे दिवे मुख्यतः कोट भागात. माहीम तेव्हा नारळीच्या वाड्यांचं गाव होतं. लेडी जमशेदजींच्या देणगीतून बांधलेला कॉजवे होऊन पंचवीसेक वर्षं झालेली. त्या कॉजवेवर उभं राहून खाडीपलीकडे उत्तरेला पाहिलं तर समोर पूर्ण काळोख असणार. शहरात बघायला याहून चांगली जागा नसेल. आज त्याच ठिकाणी वांद्र्याचे दिवे आणि बाजूला सी-लिंक इतके उजळलेले असतात की 1872 चं वादळ जसंच्या तसं परत आलं तरी माहीमच्या चौपाटीवरून कुणाला काही दिसेल असं वाटत नाही. याचं मला वाईट वाटतं. अंधार ही गोष्टसुद्धा शहराने जपण्यासारखी होती.

विजेने मुंबईचं आकाश उजळलं तसं सुईलाही हुसकावलं. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि ट्रामचा प्रवाह जमिनीतून परत जाताना चुंबकीय मोजमाप बिघडवतो हे वेधशाळेला माहीत होतं. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस यांनी नव्या जागेचा शोध घेतला आणि अलिबाग निवडलं. हे मूसही 1859 चेच, त्या वादळाच्या वर्षी जन्मलेले. अलिबागची इमारत चुंबकत्व नसलेल्या दगडाची, आणि लोखंडाऐवजी तांबं-पितळ वापरून बांधलेली. 1904 मध्ये तिथे काम सुरू झालं. मूस यांचा सर्वांत मोठा शहाणपणा असा, की त्यांनी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे जुने-नवे आकडे एकमेकांशी जोडता यावेत. 1906 मध्ये कुलाब्याची चुंबकीय मोजणी थांबली, 1907 मध्ये पहिली विजेची ट्राम धावली. त्या दोन वर्षांच्या जोडणीमुळे मुंबई-अलिबागची मालिका जगातल्या सर्वांत लांब अखंड चुंबकीय नोंदींपैकी एक ठरली आहे. आज ती नवी पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. अलिबागला समुद्र बघायला जाणाऱ्या हजारो मुंबईकरांपैकी फार थोड्यांना ती वेधशाळा माहीत असते. नागावच्या केरूनानांनी ज्या विषयात उमेदवारी केली, तो विषय अखेर त्यांच्या गावाशेजारी येऊन स्थिरावला.

आता सहलीकडे वळू.

नॉर्दर्न लाइट्स उत्तर ध्रुवावर सर्वांत चांगले दिसत असतील, हा समज चुकीचा आहे. ते चुंबकीय ध्रुवाभोवती एका वलयात दिसतात. पाणी आणायला निघालेल्या बाईच्या डोक्यावरची चुंबळ जरा तिरकी बसावी, तसं हे वलय पृथ्वीच्या माथ्यावर बसलेलं आहे. तिरकी अशासाठी, की चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून कॅनडाच्या बाजूला कललेला आहे. म्हणून युरोपात 69-70 अंशांवरच्या ट्रोम्सोपर्यंत जावं लागतं, तर कॅनडात 62 अंशांवरचं यलोनाइफ वलयाच्या अगदी खाली येतं. एडमंटन किंवा कॅल्गरीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना चांगल्या रात्री गावाबाहेर थोडी गाडी नेली तरी अरोरा दिसतो. मुलगी कॅनडात असेल तर आधी तिच्याकडे जावं, नॉर्वे नंतरही बघता येईल.

ट्रोम्सोचं वैशिष्ट्य असं की ते वलयाखाली असूनही अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे फारसं गोठत नाही. जानेवारीचं सरासरी तापमान उणे 4 च्या आसपास असतं. मुंबईकराला जमण्यासारखं. त्या उबेची किंमत ढगांत मोजावी लागते. आणि इथेच बहुतेक सहली फसतात. लोक मोबाइलवर केपी हा आकडा बघत बसतात. शून्य ते नऊ या मापावरचा हा निर्देशांक जगभरच्या चुंबकीय खळबळीचा अंदाज देतो. मोठं वादळ असेल तर केपी 7-8. पण ट्रोम्सोत केपी 2 असला तरी अरोरा डोक्यावर असतो. तिथे खरा शत्रू ढग आहे. तिथले जाणते वाटाडे केपीपेक्षा ढगांचा नकाशा आधी बघतात आणि गरज पडली तर मिनीबस घेऊन सीमेपलीकडे फिनलंडमध्ये शिरतात, कारण डोंगरांच्या आड हवा कोरडी असते. स्वीडनमधलं आबिस्को याच कारणाने नावाजलेलं आहे, पश्चिमेच्या डोंगरांनी ढग अडवल्यामुळे तिथे निरभ्र रात्री जास्त मिळतात.

म्हणून माझा आग्रह आहे की चार देश आठ दिवसांत करण्याऐवजी एकाच ठिकाणी किमान चार रात्री राहावं. प्रत्येक रात्री एक नवी संधी मिळते. रोज नवं शहर घेतलं की निम्म्या रात्री प्रवासाने थकून झोपेत जातात. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या शेवटापर्यंत कधीही जावं. उन्हाळ्यात अरोरा असतोच, पण तिथे रात्रच होत नाही. मार्च आणि सप्टेंबर या विषुवदिनांच्या महिन्यांत पृथ्वीचा कल असा असतो की सौरवाऱ्याचं क्षेत्र तिच्या क्षेत्रात गुंतायला अनुकूल होतं, आणि वादळं अधिक होतात. मार्चमध्ये थंडीही उतरलेली असते, दिवसा फिरताही येतं. ज्येष्ठांबरोबर जायचं असेल तर मी मार्चच सुचवीन.

संध्याकाळी सहापासून रात्री एकपर्यंतचा वेळ महत्त्वाचा. प्रकाश सतत राहत नाही. आकाशात एक फिकट कमान तासभर नुसती पडून राहते, मग शेपटात साठलेली ऊर्जा सुटते आणि दहा-पंधरा मिनिटं सगळं आकाश नाचू लागतं. मग पुन्हा शांत. ज्याने "दिसलं, चला" म्हणून पहिल्या कमानीनंतर बसमध्ये परत जायचं ठरवलं, त्याचं खरं नुकसान होतं. डब्यात बेसनाचे लाडू ठेवावेत, पायात लोकरीच्या मोज्यांवर सैल बूट घालावेत आणि बाहेरच उभं राहावं.

डोळ्यांबद्दल आधी सांगितलेलं बरं, कारण निराशा तिथूनच येते. मला पहिल्यांदा दिसलेला अरोरा राखाडी होता. ढगाची पट्टी समजून मी दुसरीकडे बघत होतो, आणि शेजारच्या बाईंच्या फोनमध्ये तीच पट्टी हिरवीगार आली. मंद प्रकाशात डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. कॅमेरा दहा सेकंद प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही. त्या रात्री पुढे जोर वाढला तेव्हा हिरवा रंग उघड्या डोळ्यांनी स्पष्ट दिसला, खाली गुलाबी कडा धावली, आणि ती हालचाल कुठल्याही फोटोत नसते. फोटो घ्यायचाच तर तिपाई हवी, नाइट मोड किंवा मोठ्या कॅमेऱ्यात आयएसओ 1600 ते 3200 आणि 5 ते 15 सेकंदांचं उघडझाप. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी, थंडीत ती भराभर उतरते. पण आधी वीस मिनिटं फोन बंद ठेवून डोळे अंधाराला सरावू द्यावेत.

सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र हा आणखी एक प्रश्न. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालं आणि 2024 मध्ये कळसाला पोहोचलं. मग आता जाऊन उपयोग नाही का? आहे. 1872 चं वादळ तेव्हाच्या कळसानंतर सुमारे दीड वर्षाने आलं होतं. उतरणीच्या काळात सूर्याच्या प्रभामंडळातल्या मोकळ्या भागांतून वेगवान सौरवारा बाहेर पडतो, आणि सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने तोच झोत साधारण 27 दिवसांनी पुन्हा पृथ्वीवर येतो. मागच्या महिन्यात चांगल्या रात्री कधी होत्या हे बघून पुढच्या महिन्याचा ढोबळ अंदाज बांधता येतो.

नेमका अंदाज मात्र अगदी ऐन वेळीच मिळतो. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवर एल-1 हा बिंदू आहे. तिथली यानं सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा मोजतात, आणि तो वारा तिथून पृथ्वीपर्यंत यायला अर्धा ते एक तास लागतो. दिशा दक्षिणेकडे झाली की समजायचं, बूट घालायची वेळ झाली. जानेवारी 2024 पासून भारताचं आदित्य-एल1 तिथेच आहे. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने तयार केली आहे.

आपली माणसं हा प्रकाश कामाचा भाग म्हणूनही बघतात. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं हिमाद्री हे स्थानक 2008 पासून स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंदला आहे, आणि डिसेंबर 2023 पासून तिथे भारतीय शास्त्रज्ञ ध्रुवीय हिवाळ्यातही राहू लागले. ते ठिकाण वलयाच्या आत पडतं. गंमत म्हणजे हिवाळ्यात तिथे दुपारीही अंधार असतो, आणि नेमक्या दुपारच्या वेळी वलय त्याच्या डोक्यावर येतं. दुपारी बारा वाजता अरोरा दिसू शकेल अशा जागा जगात फार थोड्या आहेत. दक्षिणेला अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती स्थानकांवर हिवाळा काढणाऱ्यांना दक्षिणेचा अरोरा दिसतो.

ज्यांना एवढं दूर जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी लडाखचं हानले आहे, मात्र अपेक्षा योग्य ठेवून जावं. 10 मे 2024 च्या रात्री 2003 नंतरचं सर्वांत मोठं वादळ आलं. नॅनोटेस्लांतला तो निर्देशांक उणे 400 च्या खाली गेला. त्या रात्री अमेरिकेत फ्लोरिडा-टेक्सासपर्यंत आकाश गुलाबी झालं, आणि न्यू जर्सीतल्या नातेवाइकांनी अंगणातून काढलेले फोटो आमच्या फोनवर सकाळी येऊन पडले होते. हानलेच्या भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तरेच्या क्षितिजावर लाल पट्टा टिपला. हिरवा नव्हे, लालच, कारण हिरवा खाली असतो आणि पृथ्वीच्या गोलाईआड जातो. एप्रिल 2023 मध्येही तसंच झालं होतं. हानलेचा परिसर 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून राखलेला आहे. तिथल्या गावकऱ्यांनी दिव्यांना झाकणं बसवली, पडदे लावले, आणि आकाशाचे वाटाडे म्हणून त्यांच्यापैकी काही जण शिकून तयार झाले.

हानलेला फक्त अरोरासाठी जाऊ नये, वर्षातून एखादी तशी रात्र येते किंवा येतही नाही. आकाशगंगा बघायला अमावस्येच्या आसपास जावं, लेहला दोन-तीन दिवस राहून विरळ हवेची सवय करून घ्यावी, कारण हानले 4,200 मीटरच्या वर आहे. आणि तिथे असताना चुंबकीय वादळाचा इशारा आलाच तर कॅमेरा तिपाईवर ठेवून उत्तरेच्या क्षितिजाकडे वळवावा, 30 सेकंदांचा फोटो घ्यावा, आणि डोंगराच्या रेषेवर लाल रंग आहे का ते पडद्यावर बघावं.